सोडलेलं जातं कुठे?

१५२२ सालच्या ९ मार्चला झ्युरिकमधल्या एका छापखानेवाल्याच्या घरी डझनभर माणसं जमली. घरमालकाचं नाव ख्रिस्टोफ फ्रोशाउअर. दोन सॉसेज चिरून त्यांचे तुकडे पाहुण्यांत वाटले गेले. तुकडे इतके लहान की कुणाचं पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता. पण तो लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला रविवार होता, आणि लेंटभर मांस वर्ज्य होतं. शहरात बोभाटा झाला, नगरपरिषदेनं चौकशी लावली, फ्रोशाउअरला अटक झाली. फ्रँकफर्टच्या जत्रेआधी सेंट पॉलच्या पत्रांची छपाई पुरी करायची आहे, कामगार सणवार न पाहता रात्रंदिवस राबताहेत, त्यांनी नुसत्या खिमटावर दिवस कसे काढायचे, असा त्याचा बचाव होता. बचाव अगदीच लटका नव्हता. पण ते तुकडे कुणी भुकेपोटी खाल्ले नव्हते, हेही सगळ्यांना कळत होतं.

हुल्ड्रिख झ्विंग्ली हा धर्मगुरू तिथे हजर होता. त्यानं स्वतः तुकडा तोंडात घातला नाही. मात्र दोन आठवड्यांनी, २३ मार्चला, त्यानं प्रवचनात सांगितलं की ज्याला उपास करायचा त्यानं खुशाल करावा, पण ज्याला करायचा नाही त्याच्यावर सक्ती करायला धर्मग्रंथात आधार नाही. एप्रिलमध्ये ते प्रवचन पुस्तिकेच्या रूपात निघालं. छापलं अर्थातच फ्रोशाउअरनं. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात बरेच इतिहासकार या सॉसेजपासून मोजतात.

आज शिकागोपासून मनिलापर्यंत आणि वसईपासून मडगावपर्यंत फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ख्रिस्ती घरांत, कॉलेजांत, ऑफिसांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘यंदा काय सोडलंस?’ उत्तरं ठरलेली असतात. चॉकलेट, बिअर, साखर, कोल्ड्रिंक, अलीकडे इन्स्टाग्राम. फ्रोशाउअरच्या झ्युरिकमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. सगळे तेच सोडत होते, आणि काय सोडायचं हे आधीच ठरलेलं होतं. नियमाकडून निवडीकडे झालेला हा प्रवास बहुतेकांना प्रगतीच वाटतो. ती आहेही. पण या प्रवासात एक महत्त्वाचं गाठोडं वाटेत पडून राहिलं.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मराठी ख्रिस्ती त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख भाविकांना लावतात. बाप्तिस्म्यानंतर येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला, ही त्यामागची मुख्य कथा. मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला, एलिया संदेष्टा चाळीस दिवस चालत होरेबला पोचला, हे संदर्भही त्या आकड्यामागे आहेत. कॅलेंडरवर मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरायचा नाही. जुन्या नियमात रविवारीही मांस चालत नसे, एवढंच; म्हणून तर फ्रोशाउअर अडकला.

हे गणित सुरुवातीपासून पक्कं नव्हतं. ३२५ सालच्या निकाया परिषदेच्या ठरावांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, पण कुठे, कधी, काय खायचं यावर शतकभरानंतरही एकमत नव्हतं. पाचव्या शतकातला कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार सॉक्रेटीस (विषाचा पेला पिणारा तो वेगळा) त्या काळातल्या तऱ्हा नोंदवतो. कुणी प्राणिमात्र वर्ज्य करत, कुणी मासे तेवढे खात, कुणी माशांबरोबर पक्षीही खात, कारण उत्पत्तीच्या कथेप्रमाणे पक्षीदेखील पाण्यातूनच जन्मले. कुणी अंडी आणि फळंही टाळत, कुणी कोरड्या भाकरीवर राहत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं त्याला एक देखणा अर्थ दिला: सहा आठवड्यांचे प्रत्येकी सहा, म्हणजे छत्तीस दिवस, वर्षाचा साधारण दहावा भाग. शेतकरी पिकाचा दशमांश देवाला देतो, तसा हा दिवसांचा दशमांश. चाळीसचा आकडा पुरा करण्यासाठी बुधवार ते शनिवार हे चार दिवस पुढे जोडले गेले.

मध्ययुगात नियम कडक होता. दिवसातून एकच जेवण, तेही सूर्य कलल्यावर. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी-चीज नाही. आणि जिथे कडक नियम तिथे त्याच्या पळवाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ज्या समाजानं घडवली, त्याला हे समजावून सांगायला नको. व्हेनेझुएलात कॅपीबारा हा डुकराएवढा उंदीरवर्गी प्राणी लेंटमध्ये चालतो, कारण तो पाण्यात राहतो. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या आर्चबिशपना २०१० साली मगरीच्या मांसाबद्दल कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनीही लेखी कळवलं की मगर माशांतच मोडते. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलला एक उंच मनोरा आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी त्याचं काम सुरू झालं. लेंटमध्ये लोणी खायची सवलत मिळावी म्हणून भाविकांनी भरलेल्या पैशातून तो उभा राहिला असं सांगतात, म्हणून त्याचं नावच लोण्याचा मनोरा. उत्तर युरोपात ऑलिव्ह पिकत नाही, तेल महाग आणि खवट. लोण्याशिवाय तिथल्या माणसाचं चालायचं कसं? १५२० मध्ये मार्टिन ल्यूथर याच मुद्द्यावर रोमवर तुटून पडला होता. आधी नियम करायचा, मग त्यातून सुटका विकायची, हा व्यापार त्याला सहन होत नव्हता.

इंग्लंडनं तर कमालच केली. पोपशी फारकत घेतल्यावरही तिथल्या सरकारनं माशांचे दिवस कायद्यानं चालू ठेवले आणि १५६३ मध्ये आठवड्यातला बुधवार त्यात नव्यानं घातला. कारण सरळ होतं. मासे खपले तर मच्छीमार टिकतील, मच्छीमार टिकले तर आरमाराला खलाशी मिळतील. आत्म्याच्या उद्धारासाठी हे मासे खायचे आहेत असं जो कुणी सांगेल, त्याला अफवा पसरवणाऱ्याची शिक्षा होईल, असंही त्या कायद्यात बजावलेलं होतं. म्हणजे मांस सोडायचं, पण देवासाठी सोडतो असं म्हणायचं नाही! नियमातून अर्थ काढून घेतला की उरतं काय, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही.

कॅथलिक चर्चमधला मोठा बदल १९६६ चा. त्या वर्षीच्या १७ फेब्रुवारीला पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपास दोनच ठेवले: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. उपास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन हलके फराळ. मांसवर्ज्य शुक्रवार चालू राहिले, पण तेही दुसऱ्या प्रायश्चित्तानं बदलायची मोकळीक बिशपांच्या मंडळांना मिळाली. उरलेल्या दिवसांचं काय करायचं ते माणसाच्या सदसद्विवेकावर सोपवलं. चॉकलेट, सिगारेट किंवा सिनेमा सोडायची पद्धत त्याआधीपासून होती, विशेषतः मुलांमध्ये. आता तीच मुख्य झाली. चर्चनं थाळी मोकळी केली आणि प्रत्येकानं आपापला पदार्थ शोधून काढला.

गंमत अशी की ज्या प्रोटेस्टंटांनी सॉसेज चिरून बंड केलं, तेही हळूहळू या निवडीच्या लेंटकडे परतले. १९८३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये काही धर्मोपदेशक आणि पत्रकारांनी ‘सात आठवडे त्याशिवाय’ असा उपक्रम सुरू केला. कुणी दारूशिवाय, कुणी टीव्हीशिवाय. पुढे जर्मनीतल्या इव्हँजेलिकल चर्चनं तो देशभर नेला. २०१९ चा त्यांचा विषय होता खोटं न बोलण्याचे सात आठवडे. इंग्लंडमध्ये २००८ साली लिव्हरपूल आणि लंडनच्या बिशपांनी कार्बनचा उपास मांडला: घरातला एक दिवा काढून ठेवा, गाडी कमी चालवा. झ्विंग्लीला यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नसतं. कुणी सक्ती करत नाही.

पण खोटं बोलणं सोडणं हा लेंट आहे का? इथे या प्रथेतला सगळ्यात नाजूक पेच आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खोटं बोलणं, चहाड्या करणं, बायकोवर ओरडणं हे ईस्टरनंतर पुन्हा सुरू करायचं नसतं. ते बाराही महिने वाईटच. लेंटमध्ये परंपरेनं सोडलं जायचं ते वाईट नव्हे, चांगलं. मांस, लोणी, अंडी, लग्नाची वाजंत्री. वसईत आणि गोव्यात कॅथलिक घरांतली लग्नं आजही शक्यतो या दिवसांत ठरवत नाहीत. लग्न अशुभ म्हणून नव्हे, तर ते आनंदाचं म्हणून. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या गांग्रा इथे बिशपांची एक परिषद भरली. लग्न आणि मांसाहार यांना तुच्छ मानणाऱ्या काही अतिविरक्त मंडळींचा समाचार घेणं हा तिचा हेतू होता. श्रद्धेनं मांस खाणाऱ्याला जो पापी ठरवील त्याचा तिनं धिक्कार केला, आणि विरक्तीच्या नावाखाली रविवारी उपास करणाऱ्याचाही. हीच लेंटमागची भूमिका: जग देवानं केलं, ते चांगलं आहे, म्हणून ते टाकून द्यायचं नाही. थोडा काळ बाजूला ठेवायचं आणि मग परत घ्यायचं. ईस्टरला रंगवलेली अंडी त्याचीच खूण. चाळीस दिवस न खाल्लेली अंडी साठून राहायची. सणाला ती रंगून ताटात यायची.

या कसोटीवर आजच्या याद्या तपासल्या तर निम्म्या गळतात. सिगारेट सोडणं उत्तम, पण तो डॉक्टरचा सल्ला झाला. साखर सोडून चार किलो वजन उतरवणं हा व्यायामशाळेचा कार्यक्रम. मोबाइल कमी करणं शहाणपणाचं, पण त्यातून झोपेचा लाभ स्वतःलाच. सोडणाऱ्याचाच फायदा होत असेल तर त्याला त्याग म्हणण्याचं कारण काय?

अभिमानाचा प्रश्न वेगळाच. राखेच्या बुधवारच्या मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं जे वाचन होतं, त्यात येशू सांगतो की उपास करताना तोंड उतरवून फिरू नका, चेहरा धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे ऐकून भाविक कपाळावर राख मिरवत बाहेर पडतात! या विसंगतीवर चर्चमधलेच लोक दरवर्षी हसतात, आणि ती तशीच चालू ठेवतात. इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी यावर जास्त प्रामाणिक उपाय शोधला होता. जॉन कॅसियन चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांना भेटायला गेला तर प्रत्येक आश्रमात त्याच्यासाठी उपास मोडला जाई. उपासाच्या दिवशी जेवताय कसे, असं त्यानं विचारल्यावर एक वृद्ध संन्यासी म्हणाला की उपास कायम माझ्यापाशीच आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. उपास आपल्या इच्छेचा, प्रेम मात्र देवाच्या आज्ञेचं. पाहुणे गेल्यावर तो उपास पुन्हा धरायचा. नियम माणसासमोर वाकतो, आणि तरी मोडत नाही, असं हे चित्र आहे.

वाटेत पडलेलं गाठोडं ते हेच: दुसरा माणूस.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेलं ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचं एक पुस्तक सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींत फार वाचलं जाई. त्यात उपासाची कृती अगदी हिशेबाच्या वहीसारखी सांगितली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढंच घ्यायचं. एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत मांडायची. तेवढी रक्कम विधवेला, पोरक्या मुलाला किंवा गरजवंताला द्यायची. त्याच शतकात अथेन्सच्या अ‍ॅरिस्टायडीसनं रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, तेव्हा त्यानंही हाच दाखला दिला. यांच्यात कुणी गरीब असेल आणि यांच्याकडे जास्तीचं काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला देतात. इथे उपासाचा परिणाम स्वतःच्या मनावर काय झाला हा प्रश्नच नाही. माझ्या ताटातून जे गेलं ते कुणाच्या ताटात पडलं, एवढंच विचारलं आहे.

पुढच्या शतकांत हा धागा वारंवार वर येतो. पाचव्या शतकातला पोप लिओ आपल्या लेंटच्या प्रवचनांत उपास आणि दान यांना एकमेकांपासून सुटूच देत नाही. ३८७ साली अँटिऑकमध्ये वाढीव करावरून दंगल उसळली, जमावानं सम्राटाचे पुतळे पाडले, आणि आता कुणाकुणाची मुंडकी उडणार या धास्तीत शहर गपगार झालं. नेमका तो लेंट होता. जॉन क्रिसोस्टोम हा तिथला धर्मोपदेशक रोज बोलत राहिला. नुसत्या तोंडानं नव्हे, डोळ्यांनी, कानांनी, हातांनी उपास करा, असं त्याचं सांगणं होतं. मासे आणि पक्षी खायचं सोडायचं आणि निंदा करून शेजाऱ्याचे लचके तोडायचे, हा कसला उपास? त्याही आधी कित्येक शतकं यशया संदेष्ट्यानं असाच सवाल टाकला होता: मजुरांना पिळत असताना धरलेला उपास देवाला नको, भुकेल्याला भाकरी आणि बेघराला घर हाच त्याच्या पसंतीचा उपास. चर्च आजही लेंटची तीन अंगं सांगतं: प्रार्थना, उपास, दान. मधलं अंग तेवढं लोकांच्या बोलण्यात उरलं आहे.

मराठी वाचकाला इथे चातुर्मास आठवल्यावाचून राहणार नाही. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, भरली वांगी यांवर हात मारून घ्यायचा आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद, ही रीत युरोपातल्या राखेच्या बुधवाराआधीच्या पॅनकेकच्या मंगळवारासारखीच आहे. तिथे घरातली अंडी, लोणी, दूध संपवायचं असतं म्हणून पॅनकेक. श्रावणाआधीची गटारी आणि गोव्यातला कार्निव्हल यांचं नातंही कुणाला सांगायला नको. पण दोन्हींतलं खरं साम्य खाण्यात नाही, उद्यापनात आहे. चातुर्मासात जो पदार्थ सोडला तोच कार्तिकात दान द्यायचा, असा व्रताचा जुना दंडक आहे. गूळ सोडला तर गूळ द्यायचा, तूप सोडलं तर तूप. व्रत सोडताना दान घेणारा समोर बसलेला असलाच पाहिजे. आज घरोघरी वांगी सुटतात, उद्यापन मात्र क्वचित होतं. लेंटचं तसंच झालं.

कॅथलिक जगात हा धागा पुन्हा जोडायचे प्रयत्न मात्र नेटाचे आहेत. १९५८ मध्ये जर्मनीतल्या बिशपांनी मिझेरिओर ही संस्था काढली. लेंटमध्ये वाचवलेले पैसे ती आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या कामांना देते. इंग्लंडमध्ये १९६० साली कॅथलिक स्त्रियांनी लेंटमधला एक दिवस कुटुंबाच्या उपासाचा ठरवला, आणि त्यातून काफोड ही मदतसंस्था उभी राहिली. १९७५ मध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत दुष्काळ होता, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन शहरात पुठ्ठ्याचे छोटे डबे घरोघर वाटले गेले. डबा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, साधं जेवायचं, वाचलेले पैसे त्यात टाकायचे. दोन वर्षांत तो उपक्रम अमेरिकाभर गेला. त्यातले ७५ टक्के पैसे परदेशातल्या कामांना जातात, २५ टक्के त्याच भागातल्या गरजूंसाठी राहतात. हर्मासची हिशेबाची वही अठराशे वर्षांनी पुठ्ठ्याच्या डब्यात परत आली म्हणायची.

उलट टोकाला बाजारही टपलेला असतोच. १९६२ मध्ये सिनसिनाटीतल्या मॅकडॉनल्ड्सच्या एका चालकाचा धंदा शुक्रवारी बसायचा, कारण वस्ती कॅथलिक. त्यानं माशाचं सँडविच काढलं. कंपनीचे रे क्रॉक यांनी त्याविरुद्ध अननसाचं बर्गर पुढे केलं. गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवली: माशाची ३५० गेली, अननसाची सहा. फिले-ओ-फिश जगभर पोचलं ते तिथून. शुक्रवारचा संयम आता काउंटरवर तयार मिळतो, बटाट्याच्या चिप्ससकट.

आणि मासा हा संयम मानायचा की नाही, हे कोण कुठे राहतो त्यावर आहे. ज्या युरोपात हा नियम घडला तिथे मेजवानीचं मानाचं अन्न म्हणजे मांस. वसईच्या पाचूबंदरात किंवा अर्नाळ्यात राहणाऱ्या ख्रिस्ती कोळ्याला शुक्रवारी मटणाऐवजी मासे खा म्हणणं म्हणजे त्याला रोजचंच जेवण जेवायला सांगणं आहे. गोव्यातही तेच. किनाऱ्यावरच्या माणसानं खरंच काही सोडायचं तर ते पापलेट किंवा सुरमई; आणि सोडून नुसतं डाळीवर भागवलं तरी काम अर्धंच होतं, जोवर त्या पापलेटचे पैसे कुणापर्यंत पोचत नाहीत. असा बदल करायला चर्चच्या कायद्याची आडकाठी नाही. १९८३ च्या संहितेतलं १२५१ क्रमांकाचं कलम मांसाऐवजी दुसरा पदार्थ ठरवायची मुभा त्या त्या देशातल्या बिशपांच्या मंडळाला देतं, आणि १२५३ क्रमांकाचं कलम तर उपासाच्या जागी दुसरं प्रायश्चित्त नेमायचा अधिकार देतं. त्यात पहिलं नाव घेतलं आहे ते दानधर्माचं.